टेंपररी कॅप तोंडात असताना: दाबाला एक वेळ चालेल, ओढीला नाही

दाताला कॅप बसवायला गेलेला माणूस पहिल्या दिवशी परत येतो तो खरी कॅप न घेताच. दात घासून बारीक केलेला असतो, त्यावर एक तात्पुरती टोपी चढवलेली असते, अर्धं तोंड बधिर असतं आणि निघताना कानावर पडलेलं एकच वाक्य डोक्यात घोळत असतं: ‘कडक आणि चिकट खाऊ नका, त्या बाजूने चावू नका.’ तासाभरात भूक लागते आणि प्रश्न सुरू होतात. कडक म्हणजे किती कडक? चिकट म्हणजे नेमकं काय? आणि मुळात चावायचंच नसेल, तर ही कॅप बसवली कशाला?

त्या वाक्यातल्या ‘कडक’ची सगळे काळजी घेतात. ‘चिकट’ मात्र सहज विसरलं जातं. मीही विसरलो होतो. पहिल्या टेंपररी कॅपच्या वेळी चार दिवस बदामाला हात लावला नाही, बर्फ टाळला, आणि पाचव्या दिवशी एक मऊ, गरीब दिसणारी टॉफी तोंडात टाकली. दोन-तीन वेळा चावून तोंड उघडलं, तर कॅप टॉफीत रुतलेली. दात फुटला नव्हता, कॅपही फुटली नव्हती. बाटलीचं बूच निघावं तशी ती अख्खीच्या अख्खी निघून आली होती. असं का होतं ते एकदा कळलं, की खाण्या-न खाण्याची यादी पाठ करावी लागत नाही.

कॅपच्या आत काय उरलेलं असतं?

कॅप ही दातावर चढवायची टोपी. टोपी चढवून दात शेजाऱ्यांइतकाच दिसायला हवा, म्हणजे आधी आतला दात तेवढा बारीक करायला हवा. त्यासाठी तो चहूबाजूंनी आणि वरून साधारण १ ते २ मिलिमीटर घासतात. आकडा किरकोळ वाटतो. पण दाताचं बाहेरचं टणक कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते सगळ्यात जाड असतं तिथेही अडीच मिलिमीटरच्या आसपासच असतं. म्हणजे या घासणीत ते बहुतेक निघून जातं आणि मागे उरतो डेंटीनचा खुंट.

डेंटीन हा एनॅमलच्या खालचा पिवळसर थर. वरून भरीव दिसतो, पण त्यात आतल्या नसेच्या पोकळीपासून बाहेरपर्यंत आलेल्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी. या नळ्यांत द्रव भरलेला असतो. गार, गोड किंवा नुसता वारा लागला तरी हा द्रव किंचित सरकतो आणि ते सरकणं आतल्या मज्जातंतूंना कळ म्हणून जाणवतं. स्वीडिश संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात या कल्पनेला प्रयोगांची जोड दिली आणि दात शिवशिवण्याचं हेच स्पष्टीकरण आज सर्वाधिक मान्य आहे. एनॅमल शाबूत असतं तेव्हा या नळ्यांची बाहेरची तोंडं झाकलेली असतात. घासलेल्या दातावर ती उघडी पडतात.

टेंपररी कॅपचं पहिलं काम म्हणून ही तोंडं झाकणं. दुसरं काम, जागा धरून ठेवणं. दात भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखे पक्के नसतात. हाडात ते बारीक तंतूंनी तोलून धरलेले असतात आणि आजूबाजूला मोकळीक मिळाली की हळूहळू तिकडे सरकतात. समोरच्या जबड्यातला दातसुद्धा टेकायला काही उरलं नाही की रिकाम्या जागेकडे वाढत येतो. बाकावर रुमाल टाकून जागा धरावी, तसं ही कॅप त्या दाताची जागा धरते. हिरडीलाही ती वळण लावते. हिरडी खुंटावर चढून बसली, तर पक्की कॅप बसवताना तिची अडचण होते.

चावणं आणि दिसणं ही कामं त्यानंतरची. समोरचा दात असेल तर दिसण्याला महत्त्व येतं हे खरं. पण दाढेची टेंपररी कॅप जेवणात भाग घेते ती पाहुण्यासारखी: पंगतीत बसते, पण तिच्याकडून वाढपाची अपेक्षा ठेवायची नसते.

‘मग घट्ट सिमेंट लावा ना!’

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की ही कॅप सैल राहिलेली नसते, ती मुद्दाम कच्ची ठेवलेली असते.

शिंपी कपडा पक्का शिवण्याआधी कच्ची शिलाई घालतो. कपडा अंगावर चढवून पाहता यावा एवढी ती घट्ट असते, आणि एक दोरा ओढला की सरसर उसवावी एवढी कच्ची. पहिल्याच दिवशी पक्की शिलाई मारली तर पुढे उसवताना कापडच फाटेल. दाताचंही तेच. पक्की कॅप लॅबमधून यायला साधारण १ ते ३ आठवडे लागतात. ती आली की टेंपररी काढायची असते, आणि काढताना आतला बारीक केलेला खुंट दुखावता कामा नये. पक्क्या सिमेंटने चिकटवलेली कॅप काढायची म्हणजे बहुतेक वेळा ती कापूनच काढावी लागते.

म्हणून इथे तात्पुरतं सिमेंट वापरतात. त्यात बहुधा झिंक ऑक्साइड असतं. काही प्रकारांत युजेनॉल मिसळलेलं असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दाताच्या दवाखान्याचा तो ठरावीक वास येतो तो बराचसा याचाच. युजेनॉल नसेस शांत करतं हा त्याचा गुण. पण पक्की कॅप रेझिनच्या सिमेंटने बसवायची असेल तर मागे राहिलेलं युजेनॉल त्या सिमेंटला नीट घट्ट होऊ देत नाही. त्यामुळे अनेक डेंटिस्ट बिनयुजेनॉलचा प्रकार पसंत करतात.

कॅप स्वतःही साधीच असते. बहुतेक वेळा ती अ‍ॅक्रिलिक किंवा तशाच रेझिनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची, त्याच बैठकीत साच्यातून तयार केलेली. दाढेसाठी कधी तयार धातूची टोपीही वापरतात. पक्क्या कॅपच्या झिरकोनियाशी, म्हणजे एका अतिशय टणक सिरॅमिकशी, किंवा धातूवर चढवलेल्या पोर्सेलेनशी या प्लास्टिकची तुलनाच नको. काही ठिकाणी दात स्कॅन करून त्याच दिवशी यंत्रावर पक्की कॅप कोरून देतात. तिथे टेंपररीची पायरीच गळते आणि हा लेख वाचायची गरजही.

डब्याच्या झाकणाचा नियम

आता मुख्य मुद्दा. घट्ट झाकणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. झाकणावर वरून कितीही जोर दिला तरी ते निघत नाही, उलट आणखी पक्कं बसतं. तेच झाकण कडेला नख घालून वर उचललं की सुटतं. टेंपररी कॅप अगदी अशीच आहे. तात्पुरतं सिमेंट दाब बऱ्यापैकी सोसतं. ओढ मात्र त्याला सोसवत नाही.

चावताना दात एकमेकांवर आपटतात तेव्हा कॅपवर दाब येतो. तोंड उघडताना, पदार्थ चिकट असेल तर, ओढ येते. टॉफी दोन्ही जबड्यांतल्या दातांना एकाच वेळी धरते. जबडा खाली जायला लागला की एकाला तरी सोडायचं असतं, आणि ज्याचं धरणं कच्चं तो सुटतो. शिवाय कॅप ज्या दिशेने चढवलेली असते त्याच दिशेने ही ओढ असते. काढायची झाली तर डेंटिस्टही तिला त्याच दिशेने काढतो.

म्हणून टॉफी, कॅरॅमल, च्युइंगगम, खजूर, मनुका, सुकवलेली फळं ही सगळी एकाच जातीची. ‘बिनसाखरेचं च्युइंगगम दातांना चांगलं असतं’ हे इतर वेळी ठीक, इथे गैरलागू: प्रश्न साखरेचा नाही, ओढीचा आहे. अगदी ताजा, मऊ पांढरा ब्रेडसुद्धा चावता चावता कणकेच्या गोळ्यासारखा होऊन दाढेला धरून बसतो. माझ्या मते सर्वांत फसवा पदार्थ हाच, कारण त्याच्यावर कुणाचाच संशय जात नाही.

पदार्थ चिकट आहे की नाही याची शंका आली तर मी एक साधी खूण वापरतो. छोटा तुकडा दोन बोटांत दाबायचा आणि बोटं उघडायची. तुकडा विरून किंवा सुटून पडला तर हरकत नाही. बोटं सुटायला कुरकुर करू लागली किंवा मध्ये तार आली तर तो पदार्थ पक्की कॅप बसेपर्यंत वर्ज्य. शिजवलेला मोकळा भात या परीक्षेत पास होतो. नुसता बोटांना लागणं वेगळं आणि बोटं धरून ठेवणं वेगळं.

मग कडक पदार्थांची भीती खोटी का?

खोटी नाही, तिचं कारण मात्र वेगळं आहे. कडक पदार्थ कॅप फोडतो किंवा तिला कलंडवतो.

जबडा अडकित्त्यासारखा चालतो. सांधा मागे, कानाजवळ. सुपारी जितकी सांध्याजवळ तितका जोर जास्त. त्यामुळे पुढच्या दातांपेक्षा दाढांवर कितीतरी अधिक ताकद येते. पूर्ण जोर लावून दात आवळले तर प्रौढ माणसाच्या दाढांवर साधारण ५० ते ७० किलो वजनाइतका भार येऊ शकतो. जेवताना आपण त्याचा थोडाच भाग वापरतो, आणि तो मऊ घासावर पसरून पडतो. घासाऐवजी मध्ये बदाम आला, बर्फाचा खडा आला, पॉपकॉर्नमधला न फुटलेला दाणा आला, की तोच भार एका टोकावर एकवटतो. पातळ प्लास्टिकचा टवका उडतो किंवा तडा जातो. दाणा कॅपच्या कडेवर सापडला तर एक बाजू दाबली जाते आणि दुसरी उचलली जाते. म्हणजे इथेही शेवटी ओढच आली, फक्त मागच्या दाराने.

तडा गेलेली कॅप जागेवरच राहते, ही यातली खरी मेख. निघालेली कॅप हातात येते, लक्षात येते. तडकलेली मात्र शांतपणे झिरपत राहते आणि आत लाळ, अन्नकण, जंतू जात राहतात.

कडकपणाची परीक्षा तर आणखी सोपी: चमच्याच्या कडेने दाबल्यावर पदार्थ तुटला तर खायला हरकत नाही. कच्चं गाजर, अख्खं सफरचंद, कडक बिस्किट, मक्याचं कणीस थेट दातांनी सोलून खाणं, हे सगळं यात नापास होतं. पण गाजर शिजवलं, सफरचंदाच्या पातळ फोडी करून दुसऱ्या बाजूने चावल्या, कणसाचे शिजलेले दाणे सुरीने काढून घेतले, तर तेच पदार्थ चालतात. बंदी पदार्थावर नसते, त्या अवस्थेत तो दातावर काय करतो यावर असते. रेषाळ मांसाचंही तसंच. मऊ शिजवून बारीक केलं तर ठीक. नाहीतर तंतू कॅपच्या फटीत अडकतात आणि ते ओढून काढायच्या नादात कॅप हलते.

‘माझ्या ओळखीतल्याने तर सगळं खाल्लं, काही झालं नाही’

झालं नसेल. प्रत्येकाचा खुंट सारखा नसतो. खुंट उंच असेल आणि त्याच्या भिंती जवळजवळ उभ्या असतील तर कॅप त्याला चांगली धरून राहते. तो ठेंगणा किंवा वर निमुळता असेल तर तिला धरायला काही नसतंच. शेवटची दाढ बऱ्याचदा ठेंगणी असते, आणि सर्वाधिक भारही तिच्यावरच. कुणी झोपेत दात खातं, कुणी नाही. ओळखीतल्याचा अनुभव त्याच्या खुंटाचा, तुमचा खुंट डेंटिस्टने पाहिलेला आहे. त्याने दहा वेळा बजावलं असेल तर काहीतरी पाहूनच बजावलं असेल.

पहिले काही तास सर्वांत नाजूक

घरी आल्यावरचा पहिला धोका कॅपला नसून तुमच्या गालाला, जिभेला आणि ओठाला असतो. भूल उतरायला साधारण २ ते ४ तास लागतात. खालच्या जबड्याच्या मागच्या भागात इंजेक्शन दिलं असेल तर ओठ आणि जीभही त्या बाजूने बधिर असते आणि वेळ आणखी वाढू शकतो. या अवस्थेत माणूस स्वतःचा गाल चावतो आणि त्याला पत्ता लागत नाही. गरम चहाने तोंड पोळतं तेही नंतर कळतं. म्हणून भूक लागली तरी ओठात जाणीव येईपर्यंत थांबणं बरं. फारच अडलं तर कोमट किंवा थंड, न चावता गिळता येईल असं काहीतरी.

या थांबण्यात सिमेंटलाही वेळ मिळतो. ते सुरुवातीला काही मिनिटांतच धरतं, पण लगेच त्याची परीक्षा घेऊ नये. पहिला दिवसभर त्या बाजूला सुट्टी देणं सगळ्यात चांगलं.

भूल उतरल्यावर एक गोष्ट आवर्जून पाहा. दात हळूच मिटा. सगळे दात एकदम टेकतात की नवी कॅप आधी लागते? खुर्चीत असताना डेंटिस्टने हे तपासलेलं असतं, पण अर्धा जबडा बधिर असताना ‘बरोबर वाटतंय का?’ या प्रश्नाला आपण दिलेल्या उत्तराला काय अर्थ? कॅप कणभर उंच राहिली तर प्रत्येक घासाला पहिला फटका तिलाच बसतो. दोन दिवसांत दाढ दुखू लागते आणि आपण दोष जेवणाला देतो. ही दुरुस्ती पाच-दहा मिनिटांची असते. ‘सवय होईल’ म्हणून बसून राहू नका.

मग जेवायचं काय आणि कसं?

पेजेवर दिवस काढायचे नाहीत. मऊ शिजवलेला भात, अंडी, दही, पनीर, शिजवलेल्या भाज्या, मासे, केळं, सूप, शिजवलेली कडधान्यं, यांत पोट भरतं आणि पोषणही होतं. कमी पडतो तो कुरकुरीतपणा, आणि तो मनाला कमी पडतो.

पदार्थाइतकीच खायची पद्धतही महत्त्वाची. घास लहान घ्या. तोडायचं काम सुरी-चमच्याकडे द्या, दातांकडे नको. टेंपररी कॅप पुढच्या दाताला असेल तर हा नियम दुप्पट लागू, कारण पुढच्या दातांनी तोडताना आपण घास दातात धरून हाताने खेचतो. या खेचण्यात कॅप बाहेरच्या बाजूला कलते. सँडविचचा पहिला चावा हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

दुसऱ्या बाजूने चावायचं हे ठरलेलंच. ‘एकाच बाजूने इतके दिवस चावून त्या बाजूला त्रास होणार नाही का?’ असं विचारलं जातं. दोन-तीन आठवड्यांत निरोगी दातांना काही होत नाही. स्नायू थोडे अवघडले तर घास आणखी मऊ करा. दोन्ही बाजूंना काम चालू असेल, किंवा दुसऱ्या बाजूची दाढच नसेल, तर ते डेंटिस्टला आधीच सांगायला हवं. त्याला टेंपररीच थोडी दणकट करावी लागेल.

एक गैरसमज इथेच मिटवतो. ‘स्ट्रॉने प्यायचं नाही’ ही सूचना दात काढल्यानंतरची आहे, कारण तिथे जखमेतली रक्ताची गुठळी निघायची भीती असते. कॅपला स्ट्रॉ चालते. गार पेय घासलेल्या दाताला लागू नये म्हणून तिचा उपयोगही होतो.

गरम, गार, गोड

तापलेला खुंट आणि प्लास्टिक एकसारखं फुगत नाहीत. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने दातापेक्षा कित्येक पट जास्त प्रसरण पावतं. कडक गरम चहावर लगेच आइस्क्रीम खाल्लं तर कॅप फुगते-आकसते, खुंट जवळजवळ तसाच राहतो, आणि दोघांच्या मधल्या सिमेंटची ओढाताण होते. एखाद्या वेळी काही बिघडत नाही. रोज असं केलं तर कडेला बारीक फट पडते. त्या फटीतून गार किंवा गोड आत शिरलं की त्या नळ्यांतला द्रव हलतो आणि सणक जाते. म्हणून काही दिवसांनी गोड खाताना अचानक सणक जायला लागली तर तो बऱ्याचदा कडेने झिरपत असल्याचा इशारा असतो.

चहा, कॉफी, गडद रंगाचे मसाले यांचा डाग टेंपररीला लवकर लागतो. तो सोडून द्या. कॅपच जाणार आहे. पुढचा दात असेल आणि रंग डोळ्यांत भरत असेल तर तेवढे दिवस गडद पेयं कमी करा.

जेवणानंतर हात लावायचा की नाही?

‘हात लावला तर निघेल’ या भीतीने बरेच जण त्या बाजूला ब्रशही फिरवत नाहीत. हे उलट अंगाशी येतं. टेंपररीची कड पक्क्या कॅपइतकी गुळगुळीत नसते, तिथे अन्न अडकतं, हिरडी सुजते. सुजलेल्या हिरडीतून रक्त येत असेल तर पक्की कॅप चिकटवणंच अवघड होतं, कारण सिमेंटला कोरडी जागा लागते. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा.

फ्लॉस म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा. तो वापरत असाल तर आत घालताना नेहमीसारखाच घाला, बाहेर काढताना मात्र वर ओढू नका, एका बाजूने सरकवून काढा. पुन्हा तोच नियम, ओढीचा.

रूट कॅनाल झालेल्या दाताचं वेगळं

कॅप पुष्कळदा रूट कॅनालनंतर बसवतात. अशा दातातली नस काढलेली असते, त्यामुळे गार-गोड त्याला कळत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण याचा अर्थ असा की झिरपणं सुरू झालं तरी दात ओरडणार नाही. गजर काढून घेतलेल्या घरासारखी गत. शिवाय अशा दाताचा बराच भाग आधीच किडीत आणि उपचारात गेलेला असतो, त्यामुळे नुसता खुंट कडक घासाखाली चिरण्याचा धोका अधिक. तेव्हा ‘दुखत नाही, म्हणजे ठीक चाललंय’ हे अनुमान इथे काढू नका. कॅप हलते का, आसपास वाईट चव येते का, यावर लक्ष ठेवा. हलतेय की नाही ते पाहायला जीभ पुरेशी आहे, बोटाने हलवून पाहू नका.

निघालीच तर?

घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही नको. कॅप जपून ठेवा. डेंटिस्टला त्याच दिवशी फोन करा आणि कॅप सोबत न्या. ती अखंड असेल तर बऱ्याचदा पुन्हा तीच बसवता येते.

तोवर खुंट उघडा राहतो आणि शिवशिवतो. कॅप धुऊन, आतला चुरा काढून, ती नेमकी कशी बसते हे पाहून, कवळी चिकटवायची पेस्ट किंवा औषधांच्या दुकानात मिळणारं तात्पुरतं दंतसिमेंट लावून तात्पुरती चढवता येते. ती सहज बसली तरच. बसत नसेल तर दाबून, चावून बसवायच्या भानगडीत पडू नका. तशीच नुसती टेकवून ठेवलेली कॅप घेऊन झोपू नका आणि जेवूही नका, कारण ती घशात जाऊ शकते. आणि घरातला झटपट चिकटवणारा ग्लू? कदापि नाही. तो तोंडात वापरायचा नसतो, हिरडीला इजा करतो, आणि कॅप वेडीवाकडी चिकटली तर ती काढताना खुंटाचं नुकसान होतं.

जेवताना कॅप गिळली गेली तर बहुतेक वेळा ती काही दिवसांत शौचावाटे निघून जाते. तरी डेंटिस्टला कळवा. पण गिळल्यानंतर खोकला थांबत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, छातीत घरघर वाटत असेल, तर ती श्वासनलिकेत गेली असण्याची शक्यता असते. मग फोनवर बोलत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

‘दोनच आठवडे उरलेत, तेवढं बिनकॅपचं काढतो’ असंही लोक म्हणतात. आधी सांगितलेलं दातांचं सरकणं इथे आठवा. पक्की कॅप ज्या मापाने बनते ते माप खुंट घासला त्या दिवशीचं असतं. शेजारचा दात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने कलला तरी कॅप अडते. मग एक तर ती घासून बसवावी लागते किंवा माप पुन्हा घ्यावं लागतं.

याच्या उलट टोकाचा एक वर्गही आहे: टेंपररी छान चाललीय, मग पक्कीची घाई कशाला, म्हणणारा. महिने उलटतात. तात्पुरतं सिमेंट लाळेत हळूहळू विरघळतं, प्लास्टिक झिजतं, आणि वरून सगळं आलबेल दिसत असताना आत खुंट किडू लागतो. कॅप निघाली नाही म्हणजे ती टिकली, असं नव्हे.

कोणतं दुखणं साधं?

पहिले काही दिवस गार लागणं, हिरडी हुळहुळणं, सुई टोचलेल्या जागी दुखणं, हे अपेक्षित असतं आणि दिवसागणिक कमी होत जातं. फक्त चावताना दुखत असेल तर बहुधा कॅप उंच आहे. गरमाने आलेली कळ बराच वेळ रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर नसेचा प्रश्न असू शकतो, पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, ही लक्षणं त्याच दिवशी दाखवायची.

पक्की कॅप बसवायच्या दिवशी डेंटिस्टला या दोन-तीन आठवड्यांचा हिशोब सांगा: कुठे अन्न अडकत होतं, कुठली कड जिभेला लागत होती, मिटताना काय आधी टेकत होतं. कच्च्या शिलाईतलं माप घ्यायचं ते यासाठीच. मग तो लहानशा पकडीने टेंपररी धरेल, किंचित हलवेल आणि वर ओढेल. एक बारीकसा ‘टक’ आवाज येईल. माझ्या टॉफीने तो पाचव्याच दिवशी ऐकवला होता.